हिवाळ्यातील धाव : रामनगरचा अनुभव

(मंडळाच्या संक्रांत-संमेलनात रामनगरच्या सभासदांतर्फे झालेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या व्यासपीठावरून काशी आणि महाराष्ट्र यांच्या ऋणानुबंधाविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. अहल्यादेवींनी उभारलेले विश्वनाथाचे मंदिर, शिंदे-भोसल्यांचे घाट, गागाभट्टांचे घराणे, हिंदी वृत्तपत्रसृष्टीतील बाबूराव पराडकर हे विषय विद्वानांच्या मुखीच शोभतात. आमच्या वाट्याला आलेला विषय त्या मानाने फारच खालचा, म्हणजे अक्षरशः पायांचा आहे. आम्ही गंगेच्या पैलतीरी रामनगरात राहणारी सहा-सात मराठी माणसे. कोणी नोकरीनिमित्त आलो, कोणाची तिसरी पिढी येथेच वाढली. आम्ही हौसेने धावतो आणि हिवाळ्यातही ते सोडत नाही. बोचऱ्या थंडीत, धुक्यात तुम्ही बाहेर पडता तरी कसे, हे सांगा, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. आम्ही काय शिकलो याबरोबरच आम्ही काय चुकलो तेही सांगावयाचे, या अटीवर आम्ही ती मान्य केली.

प्रारंभी आमच्या गावाविषयी दोन शब्द. काशीत मरण आले तर मोक्ष आणि रामनगरात आले तर पुढला जन्म गाढवाचा, ही व्यासकाशीची ख्याती आपणां सर्वांना ठाऊक आहेच. त्यामुळे प्रकृती सांभाळण्याची गरज काशीकरांपेक्षा रामनगरकरांना अधिक आहे, असे आम्ही थट्टेने म्हणतो. याच गावची रामलीला अनंत चतुर्दशीला सुरू होते आणि ३१ दिवस चालते. तिला एक रंगमंच नाही, सारे गावच रंगमंच आहे. अयोध्या एकीकडे, जनकपूर दुसरीकडे, पंचवटी आणखी कोठे आणि लंकेचे मैदान तर पार गावाबाहेर. प्रेक्षक रामामागून चालत राहतात. महिनाभर आबालवृद्ध दररोज कोस-दीड कोस पायपीट करतात, पण तिला व्यायाम असे कोणी म्हणत नाही. आश्विनी पौर्णिमेला लीला संपते, थंडी उतरू लागते आणि हेच चालते-फिरते गाव शेकोटीभोवती बसते ते होळीपर्यंत उठत नाही. धावणाऱ्या माणसाची हिवाळ्यातील परीक्षा येथे सुरू होते. लांब पल्ल्यासाठी आम्ही अजूनही अयोध्येहून निघून लंकेपर्यंत जातो आणि परत फिरतो. पुलापलीकडे विद्यापीठाच्या दाराशी आणखी एक लंका आहे. नवख्या पाहुण्याला ‘आज कोणत्या लंकेला?’ हा प्रश्न ऐकून गोंधळायला होते.

आता थंडीविषयी. पुण्या-नाशिककडची थंडी ही सकाळची पाहुणी असते, नऊ वाजता निरोप घेते. येथला पूस आपल्या पौषाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि घरात मुक्कामालाच येतो. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कित्येक दिवस सूर्य दिसतच नाही. किल्ल्याच्या बुरुजाखालून पाहावे तर समोरचे घाट नाहीसे झालेले, गंगाही नाहीशी झालेली, कोठूनसा नावाड्याचा आवाज तेवढा येतो. शिवाय मुंबईहून आलेल्या माणसाला घड्याळ फसविते. भारतीय प्रमाणवेळेची रेखावृत्तरेषा मिर्झापूरजवळून, म्हणजे आमच्या शेजारूनच जाते. तेथे जानेवारीत सहानंतर मावळणारा सूर्य येथे सव्वापाचच्या सुमारास मावळतो. कचेरीतून सुटून धावू म्हणावे तर अंधार, पहाटे उठावे तर धुके.

आमचे संस्कार पहाटेचे. ब्राह्ममुहूर्ती उठावे, थंड पाण्याने स्नान करावे, सूर्योदयापूर्वी जोर-बैठका आटोपाव्यात, हेच बाळकडू. औंधच्या पंतप्रतिनिधींनी घरोघर नेलेले सूर्यनमस्कार आमच्या वडिलांनी घातले, आम्हीही घालतो. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांची मल्लखांबाची शिष्यपरंपरा काशीपर्यंत पोहोचली होती, याचाही आम्हांला अभिमान. तेव्हा पहाटे ५ वाजता किल्ल्याच्या दाराशी जमायचे, धुके असो की गारठा, हा आमचा नियम होता. उशिरा उठून धावणे आम्हांला आळसाचेच लक्षण वाटे. या नियमाचे प्रवर्तक आमच्यातील ज्येष्ठ गृहस्थ. आम्ही सारे त्यांना काका म्हणतो. सेवानिवृत्त शिक्षक, वय तेव्हा त्रेसष्ट.

चार वर्षांपूर्वीच्या पौषातील गोष्ट. त्या दिवशी पुलावर दहा पावलांपुढचे दिसत नव्हते. २०१७ साली सामने घाटाचा हा पक्का पूल सुरू झाला. त्यापूर्वी हिवाळ्यात तरंगत्या पिपांचा पूल असे आणि पावसाळ्यात तोही काढून घेत. त्यामुळे या पुलावरून धावण्याचे आम्हांला विशेष अप्रूप. आम्ही पाच जण निघालो होतो. काका नेहमी शेवटी धावत, कोणी मागे पडू नये म्हणून. आम्ही पलीकडे पोहोचलो, श्वास सावरला, थट्टामस्करीही केली. काका येतीलच, असे प्रत्येकाला वाटत होते. पाच मिनिटे गेली, मग सात. आम्ही मागे धावलो. पुलाच्या मध्याजवळ ते कठड्याला टेकून बसले होते आणि भाजीची ट्रॉली घेऊन मंडईकडे निघालेल्या एका माणसाने आपली घोंगडी त्यांच्या अंगावर टाकली होती. ‘इनकर साँस फूलत हौ,’ एवढेच तो म्हणाला. त्याच ट्रॉलीवरची फुलकोबी एका कडेला सारून आम्ही काकांना पलीकडे नेले. हृदयविकाराचा तो झटका होता. वेळेवर उपचार मिळाले, काका वाचले आणि आज या सभागृहात दुसऱ्या रांगेत बसले आहेत. त्या भाजीवाल्याचे नाव विचारण्याचे भान मात्र आम्हां पाचांपैकी, म्हणजे खरे तर चौघांपैकी, एकालाही राहिले नाही. त्याला आम्ही पुढे पुष्कळ शोधले.

काकू आम्हांला काही बोलल्या नाहीत. इस्पितळाच्या ओसरीत एकच विचारले, ‘तो मागे राहिला हे तुम्हांला कळले केव्हा?’ या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी अजून नाही.

पुढे डॉक्टरांशी बोलताना आणि थोडेफार वाचताना जे उमगले ते आज सांगावेसे वाटते. आपण थंडीला दोष देतो, पण धावणाऱ्या निरोगी माणसाची थंडी ही वस्तुतः वैरीण नव्हे. लांब पल्ल्याच्या धावण्याला दहा अंशांच्या आसपासची हवाच सर्वांत मानवते. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या बेळगावचा फडेप्पा चौगुले गार, पावसाळी हवेत मॅरेथॉन धावला आणि १९ वा आला. आमच्या ज्येष्ठातल्या चव्वेचाळीस अंशांच्या उन्हापेक्षा पौषातली दुपार धावायला शतपटीने बरी. मात्र ज्यांचे वय झाले आहे, ज्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा विकार आहे, त्यांच्या बाबतीत थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो आणि हृदयावर भार पडतो. त्यात हृदयविकाराचे झटके मुळातच सकाळच्या प्रहरी अधिक येतात. अंथरुणातून उठून तडक गारठ्यात धाव घेणे म्हणजे हा सारा भार एकाच वेळी अंगावर घेणे होय.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, कारण ती तरुणांनाही लागू पडते. गंगेच्या मैदानात हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार होऊन खालीच बसते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण पडते. मग शेकोट्यांचा, चुलींचा, वीटभट्ट्यांचा, मालमोटारींचा धूर वर जाऊच शकत नाही. धुक्याच्या थेंबांत तो मिसळतो. ज्याला आम्ही पहाटेची शुद्ध हवा समजत होतो, ती अशा दिवशी चोवीस तासांतील सर्वांत मलिन हवा असते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो, जोराने धावणारा साठ लिटरांहूनही अधिक, आणि तीही तोंडाने. धुरातील सूक्ष्म कण, ज्यांना पी.एम. २.५ म्हणतात, त्यांची चोवीस तासांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपलीकडे जाऊ नये, असे आपले राष्ट्रीय मानक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली तीच मर्यादा १५ वर आणली. आमच्या पौषातील धुकट पहाटेला या दोन्ही आकड्यांचे हसूच येत असेल.

तेव्हा आम्ही धावणे सोडले नाही, वेळ सोडली. हे लिहायला सोपे, करायला कठीण गेले. पन्नास वर्षे पहाटे उठणाऱ्या माणसाला ‘ऊन पडेपर्यंत थांबा’ म्हणणे म्हणजे जानवे काढून ठेवा म्हणण्यासारखेच. आता आमची उठण्याची वेळ तीच आहे, पण त्या वेळी घरातच बारा सूर्यनमस्कार घालतो, सांधे मोकळे करतो, पोथी वाचणारे पोथी वाचतात. सूर्य वर आला, जमीन तापली की ते झाकण उचलले जाते. दहाच्या पुढे हवा बरीच निवळते. सुट्टीच्या दिवशी साडेदहा, कामाच्या दिवशी ज्याला जमेल त्याने दुपारी साडेतीनच्या सुमारास. ज्यांची कचेरी हे जमू देत नाही ते आठवड्यातून दोनच दिवस धावतात, आणि त्यात कमीपणा मानीत नाहीत. बाहेर पडण्यापूर्वी हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक दूरध्वनीवर पाहतो. दोनशेच्या वर असला तर चालणे, तीनशेच्या वर असला तर घरीच जोर-बैठका. दोनशे मीटरपलीकडचे दिसत नसेल तर रस्त्यावर पाऊलही टाकायचे नाही, कारण टेंगरा मोडाकडून येणाऱ्या मालमोटारींना धुक्यात आम्ही दिसत नाही, आणि दिसलो तरी उशिरा.

कपड्यांविषयी आमच्या भगिनी फार चौकशी करतात. पहिला धडा असा की, माकडटोपी, मफलर आणि जाड स्वेटर घालून धावणारा मराठी माणूस पाव कोसात घामाने भिजतो आणि परतताना कुडकुडतो. सुती बनियन घाम धरून ठेवते. अंगालगत घाम लवकर वाळणारा पातळ कृत्रिम धाग्याचा सदरा, त्यावर पातळ लोकरी, त्यावर वारा अडविणारे काही, अशा पापुद्र्यांनी निघावे आणि ऊब येताच एकेक उतरवून कमरेला बांधावे. निघताना थोडे गार वाटले पाहिजे. घरी येताच, गप्पांपूर्वी, चहापूर्वी, ओले कपडे बदलावेत. थंडीत तहान लागत नाही, म्हणून पाणी आठवणीने प्यावे लागते.

धावण्याच्या जागांत आम्हांला सर्वांत प्रिय नदीकाठची रेती. पूर ओसरल्यावर पूर्वेच्या काठाला वाळूचे विस्तीर्ण मैदान उघडे पडते आणि हिवाळाभर ते आमचे असते. ऊन पाठीवर, समोर घाटांची कमान, पाण्यावर उत्तरेकडून आलेले पांढरे कुरव पक्षी आणि त्यांना शेव टाकणारे नावाडी. मात्र पहिल्याच दिवशी मऊ रेतीत मैलभर धावण्याचा मोह धरू नये. पोटऱ्या आणि टाचेमागची शीर दुखावते व महिना वाया जातो. पाण्यालगतची ओलसर, घट्ट वाळू बरी. आमच्यातील दोन भगिनी या रेतीवरच धावायला शिकल्या. गावातील रस्त्यावर त्यांच्याकडे वळून पाहणारे पुष्कळ, रेतीवर कोणी नसते. आता त्या रस्त्यावरूनही धावतात आणि वळून पाहणारे कमी झाले आहेत की त्यांनी बघणेच सोडले, हे त्यांनाच विचारावे.

एक नियम मात्र पुलावरच्या त्या पहाटेने दिला. गट कितीही लहान असो, निघताना आणि दर पाव कोसाला मोजणी. सर्वांत सावकाश धावणारा सर्वांत पुढे, बाकीचे त्याच्या मागे. त्यामुळे आमची गती घटली, हे खरे. काका आता धावत नाहीत. डॉक्टरांच्या संमतीने चालतात, आणि नियमाप्रमाणे सर्वांत पुढे. त्यांच्यामागे चालताना पूर्वी कधी न दिसलेले रामनगर आम्हांला दिसू लागले : भल्याथोरल्या गोल भंट्यांच्या राशी, लालबहादूर शास्त्रींच्या वडिलोपार्जित घराची ती अरुंद गल्ली, लस्सीच्या दुकानापाशी हिवाळ्यात रिकाम्या पडलेल्या बाकांवर उन्हाला बसलेली म्हातारी मंडळी. ती आधी आमच्याकडे नुसती पाहत. आता त्यांतले दोघे आमच्याबरोबर चौकापर्यंत येतात.

येत्या रविवारी आम्ही सकाळी साडेदहाला किल्ल्याच्या दाराशी जमणार आहोत. धुके असेल तर साडेअकराला. ज्यांना यायचे असेल त्यांनी पायांत जुने, सवयीचे बूट घालावेत आणि पिशवीत एक कोरडा सदरा ठेवावा. परतल्यावर काकूंकडे चूडा-मटर आहे. किती माणसांचा करायचा हे त्यांना शनिवारी रात्रीपर्यंत कळले पाहिजे, तेव्हा नावे आजच काकांपाशी द्यावीत.