हौस आणि धंदा : मुष्टियोद्धा अझुमा नेल्सन



मुष्टियुद्ध हा खेळ म्हणावा कीं निव्वळ द्वंद्व, याविषयीं सुशिक्षित घरांतून मतभेद आहे, आणि तो अगदींच निराधार आहे असें मला वाटत नाहीं. कुस्तींत प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावली कीं काम झालें. मुष्टियुद्धांत समोरच्याला इजा होणें हा अपघात नसतो, तेंच जिंकण्याचें साधन असतें. असें असूनहि या खेळांत कांहीं पुरुष असे झाले, कीं त्यांची हकीकत ऐकतांना ठोशांचा हिशेब मागें पडून आपण माणसाकडे पाहूं लागतों. घाना देशाचा अझुमा नेल्सन हा त्यांपैकीं एक. हौशी खेळाडू धंदेवाईक होतो तेव्हां त्याला काय मिळतें आणि काय मोजावें लागतें, हें त्याच्या आयुष्यावरून फार स्वच्छ दिसतें.

घाना म्हणजे पश्चिम आफ्रिकेंतील पूर्वींचा गोल्ड कोस्ट. १९५७ सालीं तो इंग्रजांच्या अमलांतून मुक्त झाला. त्याची राजधानी अक्रा. या शहरांत समुद्रालगत बुकोम नांवाची गा जमातीची दाट वस्ती आहे; मासेमारी हा या जमातीचा जुना व्यवसाय. कोल्हापुरांत जशा पेठेपेठेंत तालमी, तशा या भागांत मुष्टियुद्धाच्या व्यायामशाळा. गा लोकांत एका मोहल्ल्यानें दुसऱ्या मोहल्ल्याशीं सांघिक मुष्टियुद्ध करण्याची जुनी रीत होती. तिला असाफो अत्वेले असें नांव आहे. इंग्रजी अमलांत त्या रीतीला हातमोजे, दोरांचें रिंगण आणि नियम मिळाले. १९५१ सालीं रॉय अंक्रा हा ब्रिटिश साम्राज्याचा फेदरवेट विजेता झाला. फेदरवेट म्हणजे १२६ पौंडांपर्यंतच्या वजनाचा गट. पुढें १९७५ सालीं डेव्हिड कोटे यानें त्याच गटाचें जगज्जेतेपद घानाला प्रथम मिळवून दिलें. या कोटेची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७६ सालीं देशांत टंचाई असतां घानाच्या सरकारनें त्याच्या कमाईंतून ४५,००० डॉलर उसने घेतले आणि त्यांची मासळी परदेशांतून आणविली. मुठींच्या बळावर मिळविलेल्या पैशावर सरकारला आपली नड भागवावी लागली, अशीं उदाहरणें इतिहासांत विरळाच!

अझुमा नेल्सन अक्रांत १९ जुलै १९५८ रोजीं जन्मला आणि याच हवेंत वाढला. १९७८ च्या जुलै-ऑगस्टमध्यें, वयाला नुकतीं वीस वर्षें होत असतां, त्यानें पाठोपाठ दोन सुवर्णपदकें मिळविलीं : एक अल्जीयर्सच्या अखिल आफ्रिका क्रीडास्पर्धेंत, दुसरें कॅनडांतील एडमंटन येथील राष्ट्रकुल स्पर्धेंत. दोन्ही फेदरवेट गटांतच.

आतां हौशी आणि धंदेवाईक यांतला फरक नीट ध्यानांत घेतला पाहिजे. त्या काळीं हौशी सामना तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांचा असे. म्हणजे सारें काम नऊ मिनिटांचें. चपळाई आणि नेमकेपणा यांना तेथें गुण. धंदेवाईक जगज्जेतेपदाचा सामना मात्र पंधरा फेऱ्यांचा, म्हणजे पंचेचाळीस मिनिटांचा. नऊ मिनिटें वाऱ्यासारखा नाचणारा गडी पंचेचाळीस मिनिटें उभा राहीलच, असें नाहीं. दम राखणें, मार खाऊनहि डोकें शांत ठेवणें, पहिल्या फेरींत बरगड्यांवर मारलेल्या ठोशाचें व्याज दहाव्या फेरींत वसूल करणें, हा अभ्यासक्रमच निराळा आहे. पुष्कळ पदकविजेते या दुसऱ्या शाळेंत नापास झाले आहेत. शिवाय हौशी खेळाडूच्या पाठीशीं त्याचा देश असतो. धंदेवाईकाच्या पाठीशीं कंत्राट असतें, आणि त्याच्या कमाईंत व्यवस्थापकाचा नि शिक्षकाचा वांटा असतो. मार मात्र त्याचा एकट्याचा.

नेल्सननें डिसेंबर १९७९ मध्यें अक्रांत पहिला धंदेवाईक सामना केला. मॉस्कोचें ऑलिंपिक तेव्हां अवघ्या सात-आठ महिन्यांवर होतें. थोडें थांबावयास हवें होतें, असें कोणासहि वाटेल. पण १९७६ सालीं न्यूझीलंडच्या रग्बी संघानें वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचा दौरा केल्यामुळें आफ्रिकी राष्ट्रांनीं माँट्रियलवर बहिष्कार घातला, त्यांत घाना होता. आणि १९८० सालीं मॉस्कोवरहि घानानें बहिष्कार घातला. या निर्णयांची योग्यायोग्यता येथें तोलण्याचें कारण नाहीं. पहिल्याच्या बाजूनें तर माझें मन आहेच. परंतु खेळाडूच्या उमेदीचीं वर्षें मोजकीं असतात. नेल्सन थांबला असता तर मॉस्कोचें पदक त्याला मिळणारच नव्हतें.

१९८० मध्यें तो आफ्रिकेचा आणि १९८१ मध्यें राष्ट्रकुलाचा विजेता झाला. तेरा सामने झाले, एकहि हरला नाहीं. आणि मग १९८२ च्या जुलैमध्यें त्याला न्यूयॉर्कहून बोलावणें आलें. मेक्सिकोचा साल्वादोर सांचेझ हा त्या वेळीं फेदरवेटचा जगज्जेता होता आणि थोरांत गणला जात होता. त्याचा ठरलेला प्रतिस्पर्धी ऐन वेळीं गळाला आणि पोकळी भरून काढण्यासाठीं आफ्रिकेचा हा तरुण बोलावला गेला. तयारीला मिळाले जेमतेम पंधरा दिवस. अमेरिकेंत त्याचें नांव फारसें कोणास ठाऊक नव्हतें. संयोजकांच्या मनांत तो केवळ भरतीचा माणूस होता, हें उघड आहे.

२१ जुलैच्या रात्रीं मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें हा सामना झाला. नेल्सनला चोवीस वर्षें पुरीं होऊन दोनच दिवस झाले होते. सांचेझ तेवीस वर्षांचा. सातव्या फेरींत नेल्सन खालीं पडला. तो उठला आणि मागें न सरतां सांचेझवर चालूनच गेला. दहावी फेरी झाली, बारावी झाली, चौदावीहि झाली. दोघेहि तितक्याच त्वेषानें लढत होते. जो गडी यापूर्वीं इतक्या फेऱ्या कधीं लढलाच नव्हता, तो त्या काळच्या सर्वश्रेष्ठ योद्ध्याला शेवटच्या फेरीपर्यंत घेऊन गेला. पंधराव्या फेरींत सांचेझनें त्याला पुन्हां पाडलें आणि थोड्याच वेळांत पंचानें सामना थांबविला. नेल्सन हरला; पण त्या रात्रीनंतर त्याला कोणी भरतीचा माणूस म्हटलें नाहीं.

या लढतीनंतर बावीस दिवसांनीं, १२ ऑगस्टला, सांचेझ मोटार-अपघातांत मरण पावला. हा त्याचा अखेरचा सामना ठरला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्यें कोरियाचा किम दुक-कू हा लास वेगासमधील सामन्यांत चौदाव्या फेरींत पडला आणि थोड्याच दिवसांत मृत्यु पावला. तेव्हां कोठें वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलनें फेऱ्या पंधरांवरून बारांवर आणल्या. एवढी साधी गोष्ट सुचण्यास एक जीव जावा लागला, याचें मला आजहि वैषम्य वाटतें.

८ डिसेंबर १९८४ रोजीं नेल्सन पोर्तो रिको बेटावर विल्फ्रेदो गोमेझ याच्याशीं त्याच्याच घरच्या प्रेक्षकांसमोर लढला. गोमेझनें पूर्वीं खालच्या वजनगटांतील आपलें जगज्जेतेपद सतरा वेळां राखलें होतें आणि सतराहि वेळां प्रतिस्पर्ध्याला मुदतीआधींच गारद केलें होतें. अकराव्या फेरींत नेल्सननें त्याला लोळविलें आणि सांचेझच्या हातून जें निसटलें होतें तें फेदरवेटचें जगज्जेतेपद मिळविलें. १९८८ सालीं तो १३० पौंडांच्या गटाचाहि जगज्जेता झाला. त्याला लोक ‘प्रोफेसर’ म्हणूं लागले. प्रतिस्पर्ध्याला धडा शिकवितो म्हणून! आयुष्यभर खडू हातीं धरलेल्या माझ्यासारख्याला ही पदवी ऐकून हसूं येतें. पण सबंध वर्गाला एकाच वेळीं शांत करण्याची ही हातोटी आम्हांपैकीं कितीजणांना साधली?

२८ जून १९९१ रोजीं लास वेगासला ऑस्ट्रेलियाच्या जेफ फेनेकशीं त्याचा सामना झाला. एका परीक्षकानें नेल्सनला जिंकविलें, दुसऱ्यानें फेनेकला, तिसऱ्यानें दोघांना समान गुण दिले; म्हणून सामना बरोबरींत. पाहणाऱ्या बहुतेकांच्या मतें फेनेक जिंकला होता. पुढच्या मार्चमध्यें नेल्सन मेलबोर्नला, फेनेकच्या देशांत, उघड्या मैदानांत उतरला आणि आठव्या फेरींत त्यानें सामना संपविला. फेनेकचा तो पहिला पराभव. पहिल्या सामन्याचा निकाल मात्र २०२२ सालीं, एकतीस वर्षांनीं, वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलनें फिरविला आणि फेनेकला विजयी ठरविलें. परीक्षकांची चूक सुधारावी, हें खरें; पण शाळेंत उत्तरपत्रिका पुन्हां तपासण्याचीहि कांहीं मुदत असते. इतक्या वर्षांनीं दिलेला न्याय विजेत्याला नक्की काय देतो, हें मला उमगत नाहीं.

१९९४ सालीं जेसी जेम्स लेइहानें त्याचें पद हिरावलें. पुढच्या वर्षाच्या डिसेंबरांत, वयाच्या सदतिसाव्या वर्षीं, गॅब्रिएल रुएलास याला पांचव्या फेरींत थांबवून नेल्सननें तें परत घेतलें. १९९६ सालीं लेइहालाहि हरविलें. १९९७ सालीं हेनारो हर्नांडेझकडून हार झाली आणि पद कायमचें गेलें. २००४ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील कॅनास्टोटा येथील आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध सन्मान-मंदिरांत त्याचें नांव दाखल झालें. चार वर्षांनीं, २००८ च्या जूनमध्यें, पन्नाशीला महिनाभर उरला असतां, तो पुन्हां मेलबोर्नला फेनेकसमोर उभा राहिला. दहा फेऱ्या झाल्या आणि गुणांवर फेनेक जिंकला. नेल्सन शेवटच्या घंटेपर्यंत पायांवर उभा होता.