मुंबईचा मुक्काम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझी शाळा सातवीपर्यंत. भाषण मला येत नाही. परंतु अध्यक्षबाई म्हणाल्या, "हळदीकुंकवाला मुंबईच्या ज्या गोष्टी निघाल्या होत्या, त्याच सांगा." म्हणून उभी राहिले.

आपण मुंबईला हौसेने थोड्याच जातो? कुणाचे माणूस परळच्या टाटा रुग्णालयात असते, कुणाचे के. ई. एम.मध्ये. के. ई. एम. १९२६ साली सुरू झाले, टाटा १९४१ साली. खेडोपाडीची माणसे तेव्हापासून तेथे जातात. डॉक्टर भेटतो, औषध मिळते. पण रात्री पाठ कोठे टेकावी, हा घोर काही सुटत नाही.

त्या दिवशी एक काकू म्हणाल्या, स्टेशनाबाहेर "हॉटेल कुठे?" म्हणून विचारले, तर त्या भल्या माणसाने चहाच्या दुकानात नेऊन बसविले! त्याचे तरी काय चुकले? आपल्याकडेही हॉटेल म्हणजे चहा-भजीच. दुसरीने रात्री दहाला खोली घेतली, तर सकाळी नऊला दुसऱ्या दिवसाचे भाडे मागितले. तिसरीच्या खोलीत भिंतीच्या जागी फळी होती. पलीकडचा पाहुणा घोरला की हिची खाट हाले. आपण सगळ्या पोट धरून हसलो.

माझी गोष्ट मात्र हसण्याची नाही. थोरल्या जाऊबाईंच्या उपचारासाठी आम्ही दोघीच गेलो होतो. लॉजवाल्याने आधारकार्डे पाहिली आणि विचारले, "बरोबर पुरुषमाणूस कोण? नुसत्या बायकांना खोली देत नाही." जाऊबाईंच्या हाताला सुईची पट्टी तशीच होती. मी म्हटले, "दादा, पुरुषमाणसे उसाच्या तोडीत अडकली आहेत. आजारी बाई तुमच्या पायरीवर उभी आहे." त्याने मान फिरविली. ती रात्र आम्ही बाकावर बसून काढली.

तेव्हा मला आपले गाव आठवले. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामी असते. बारामती-काटेवाडीकडून चालून आलेल्या किती बायाबापड्या आपल्या ओसरीवर झोपतात! "तुझा पुरुष कुठे?" असे आपण एकीला तरी विचारतो का? आधी पाणी देतो, मग भाकरी.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातल्या बाईंनी वाट दाखविली आणि दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत जागा मिळाली. हातात खराटा, डोक्यावर गाडगे अशा त्या साधूने लोकांकडून पैसा जमवून पंढरपूर, आळंदी, नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या. महाराज १९५६ साली गेले, पण त्यांच्या नावाने अजून परक्या माणसाला निवारा मिळतो.

आता चार उपयोगाच्या गोष्टी. रुग्णालयात गेल्यावर आधी समाजसेवा विभाग विचारा. केसपेपर आणि आधारकार्ड यांच्या प्रती वेगळ्या पिशवीत ठेवा. लॉजवर पैसे देण्यापूर्वी दिवस किती वाजता संपतो ते विचारा आणि पावती घ्या. दादरला मध्य व पश्चिम अशा दोन्ही रेल्वे आहेत. परळला जायचे तर मध्य रेल्वेची धीमी गाडी धरा, जलद गाडी बहुधा तेथे थांबत नाही. दादर-परळला रिक्षा नाहीत; बस किंवा मीटरची काळी-पिवळी टॅक्सी. एस. टी.त मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे.

मुंबईतही बायकांनी बायकांना हात दिलेला आहे. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली एकत्र केले, त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. तेही मंडळच, आपलेही मंडळच.

म्हणून माझी एक सूचना आहे. मंडळात एक वही ठेवू. मुंबई-पुण्याहून जी परत येईल, तिने कोठे उतरली, भाडे किती पडले, माणसे कशी होती, हे त्यात लिहावे. जिला लिहिता येत नाही, तिचे मी लिहीन. आणि जिला जायचे आहे, तिच्याबरोबर वाट माहीत असलेली एक बाई मंडळाने द्यावी. मग कुणी "पुरुषमाणूस कोण?" म्हणून विचारले तरी आपल्या बाईचा पाय डगमगणार नाही, पुढचे दार कोणते, हे तिला ठाऊक असेल.

वहीचे पहिले पान मी लिहून आणले आहे, ते अध्यक्षबाईंकडे देते आणि आपली रजा घेते.