वैद्यकीय संशोधनात स्त्रियांचा सहभाग
(वार्षिक सभेत केलेले भाषण)



आपल्या हाती पडणाऱ्या प्रत्येक गोळीची मात्रा कोणा ना कोणा माणसावर अजमावून ठरलेली असते. ती माणसे कोण होती, हा प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे मांडू इच्छितो.

१९७७ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रियांना औषधांच्या प्रारंभिक चाचण्यांतून वगळण्याची सूचना काढली. हेतू गर्भाच्या रक्षणाचा होता. परंतु त्यामुळे स्त्रीशरीरात औषधाचे काय होते, याविषयीचे ज्ञान तोकडे राहिले. १९९३ साली ती सूचना मागे घेण्यात आली. २०१३ साली झोल्पिडेम या झोपेच्या औषधाची स्त्रियांसाठीची मात्रा तेथे १० मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणावी लागली. स्त्रियांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडते आणि सकाळीही त्याचा अंमल उरतो, असे आढळले होते. तोवर ते औषध वीस वर्षे वापरात होते.

आपल्या महाराष्ट्राचा अनुभवही बोलका आहे. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजारांपैकी किमान एक होता. पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या ८ टक्के होत्या. संशोधन गावापर्यंत गेले नसते, तर हे दुखणे कोणत्याही नोंदवहीत उमटले नसते.

उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना समाविष्ट करून झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली जाहीर झाले. एचपीव्ही विषाणूसाठी एकदाच केलेल्या चाचणीनेही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर येऊ शकतात, हे त्यातून जगाला कळले. तुलनेच्या गटातील स्त्रियांना ही चाचणी न देता नेहमीच्या सेवेवरच ठेवले, याविषयी पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले. ज्ञान मोलाचे खरे. पण ते मिळवताना सहभागी स्त्रीच्या पदरात काय पडते, हा प्रश्न टाळता येत नाही.

म्हणूनच केवळ संख्या वाढवणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. संमतिपत्र तिच्या भाषेत, तिला उमगेल असे वाचून दाखवले पाहिजे. पतीचा वा सासऱ्यांचा होकार तिच्या होकाराची जागा घेऊ शकत नाही. नकार दिला तरी उपचारांत तसूभरही फरक पडणार नाही, ही खात्री तिला मिळाली पाहिजे. २०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीवर किमान एक स्त्री सदस्य आवश्यक आहे. विश्वस्तांनी या किमान संख्येवर समाधान मानू नये, अशी आमची विनंती आहे.

स्त्रिया चाचणीतून मध्येच गळतात, याची कारणे पुष्कळदा साधी असतात. एका फेरीसाठी दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे पडते, तान्हे मूल कोणाकडे ठेवावे हे सुचत नाही. देणगीदारांनी यंत्रसामग्रीइतकेच या खर्चाकडेही लक्ष द्यावे. प्रवासभाडे, बुडालेल्या मजुरीची भरपाई, रुग्णालयातच पाळणाघर आणि मोकळेपणाने बोलता येईल अशी परिचारिका, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल.

आणि कुटुंबीयांनो, घरातील स्त्रीला अशा अभ्यासाविषयी विचारणा झाली, तर तिच्या वतीने उत्तर देऊ नका. तिच्यासोबत या, शंका विचारा आणि निर्णय तिच्यावर सोपवा. तिने दिलेल्या माहितीचा लाभ तिच्या लेकीसुनांना होईल. त्या ऋणाची जाण ठेवणे हे आम्हा सर्वांचे कर्तव्य आहे.