वाद घालणाऱ्या बायकांचा वारसा



 भिवंडीत ख्रिस्ती घरे थोडी, यंत्रमाग मात्र जिकडेतिकडे. त्यामुळे स्त्री-पुरुष नात्यावरची ख्रिस्ती परिषद इथेच का, असे अनेकांनी विचारले. मागावर उभा असलेला पुरुष आणि त्याच कापडाचे धागे घरी बसून कापणारी बाई, या दोघांच्या कामाला समाज एकाच मापाने मोजत नाही. प्रश्न इथे असताना परिषद दुसरीकडे कशाला?

आणि या प्रश्नावर मराठी ख्रिस्ती समाजाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे. त्यात सगळ्यात आधी नाव येते ते पंडिता रमाबाईंचे. सप्टेंबर १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या. त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंना ती पटली नाही. ज्या बाईने भारतात पंडितांच्या भर सभेत व्याख्याने दिली होती, तिने बाप्तिस्म्यानंतर पुरुषांसमोर गप्प का बसावे? जुन्या घरातल्या शास्त्र्यांशी त्या जशा वाद घालत होत्या, तशाच नव्या घरातल्या धर्मगुरूंशीही घालत राहिल्या. श्रद्धा आणि आज्ञाधारकपणा यांची गल्लत त्यांनी कधी होऊ दिली नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणले, तेही साध्या बायकांना वाचता यावे अशा भाषेत. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे तिथल्या स्त्रियाच करीत. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी बाहेर पडला.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट वेगळी. नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला, पण त्या त्याच्यामागे गेल्या नाहीत. काही वर्षे दूर राहिल्या, परत आल्यावरही आपला धर्म पाळत राहिल्या आणि स्वतःची खात्री पटल्यावरच, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानेही, म्हणजे रेव्हरंड टिळकांनी, त्यांना तोवर थांबू दिले, हे विसरता कामा नये. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात नवऱ्याचा तापटपणा झाकलेला नाही, आणि त्याच्यावरचे प्रेमही. ख्रिस्ती विवाहावर इतके प्रामाणिक पुस्तक मराठीत दुसरे नाही, असे या परिषदेच्या स्वागत समितीचे मत आहे.

मग बायबल काय सांगते? विहिरीवर येशू शोमरोनी बाईशी बोलत बसतो आणि शिष्य चकित होतात. पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना सांगायला तो मग्दालिया मरीयेला पाठवतो. गलतीकरांना लिहिताना पौल ख्रिस्तामध्ये स्त्री-पुरुष हा भेद उरत नाही असे सांगतो. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात मात्र पत्नीने पतीच्या अधीन असावे, असे येते. लग्नाच्या प्रवचनात हेच दुसरे पत्र निघते. त्याच अध्यायात त्याआधी सर्वांनीच एकमेकांच्या अधीन राहण्याची सूचना आहे, ती बहुधा वगळली जाते. या परिषदेत ती वगळू नये, अशी विनंती आहे.

कायद्याचेही पाहावे. १८६९च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरे होते. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली हा दुजाभाव अमान्य केला, आणि संसदेने २००१ साली कायदा बदलला. सव्वाशेहून अधिक वर्षे चर्चच्या बाकांवर बसून हे कसे सोसले गेले, याचा विचार पुरुषांनी जास्त करायला हवा.

ख्रिस्ती वारशाला लागू असलेला १९२५चा कायदा तर मुलाला आणि मुलीला सारखाच वाटा देतो. तरीही जमिनीला भाव आला की हक्कसोडपत्राचे कागद निघतात आणि बहिणीपुढे सरकवले जातात. दुपारच्या सत्रात वकील भगिनी यावरच बोलणार आहेत. भावांनी त्या सत्राला आवर्जून थांबावे. जेवणाची वेळ त्यासाठी अर्धा तास अलीकडे घेतली आहे.