आरिसची तीन अजिंक्यपदं
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा निरोप होता की प्रत्येकाने आपल्या कामातलं काहीतरी सांगायचं, दहा-बारा मिनिटांत, आणि समोरच्यांना कळेल असं. डॉक्टर आणि वकील मंडळींचं बरं आहे, त्यांच्याकडे किस्से असतात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझ्या कामाबद्दल घरी विचारलं तर "ती कॉम्प्युटरवर असते" एवढंच उत्तर मिळेल. तर थोडक्यात सांगते. मी खेळांच्या जुन्या निकालांचे तक्ते सांभाळते. टीव्हीवर सामना चालू असताना खाली पट्टी येते बघा, 'या क्लबने हे पद अमुक वेळा जिंकलं आहे'. ती पट्टी कुठल्यातरी तक्त्यातून येते, आणि तो तक्ता बरोबर आहे का हे बघणारी माणसं असतात. त्यांतली मी एक.

आज एकाच तक्त्याबद्दल बोलणार आहे. ग्रीसच्या राष्ट्रीय फुटबॉल अजिंक्यपदाचा. क्रिकेट सोडून फुटबॉल, आणि तेही ग्रीसचं, म्हणून मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू झालेली दिसते आहे. मागचे बाक तीस वर्षांत बदललेले नाहीत. पण थोडं ऐका, ते आपल्या स्मरणिकेच्या पान क्रमांकापर्यंत येऊन पोचणार आहे.

ग्रीसचा हा तक्ता १९२७-२८ पासून सुरू होतो. पहिल्या ओळीत नाव आहे आरिस, थेसालोनिकी. दुसरी ओळ, १९२८-२९, रिकामी. मग पानाथिनाइकोस, ऑलिम्पियाकोस, पुन्हा आरिस. थोडं पुढे १९३४-३५ रिकामी. १९४०-४१ पासून सलग पाच ओळी रिकाम्या. त्यानंतरची पहिली भरलेली ओळ १९४५-४६ ची, आणि तिथे परत आरिस. पहिल्या एकोणीस हंगामांत सात ओळी रिकाम्या आणि बारा विजेते. त्यांत ऑलिम्पियाकोस सहा वेळा, आरिस तीन, एईके दोन आणि पानाथिनाइकोस एक. म्हणजे १९४६ साली या तक्त्यात ऑलिम्पियाकोसच्या खालोखाल आरिस होता. आज ग्रीक फुटबॉल म्हटलं की लोक अथेन्स आणि पिराएसच्या तीन मोठ्या क्लबांचीच नावं घेतात. आरिसचं नाव फुटबॉलचे पक्के शौकीनसुद्धा जरा थांबून घेतात.

थेसालोनिकी हे उत्तर ग्रीसमधलं बंदर. १९१२ पर्यंत ते उस्मानी साम्राज्यात होतं. तिथे ज्यू, तुर्क, ग्रीक, बल्गेरियन अशी सगळी माणसं राहत होती, आणि त्यांत ज्यूंचा समाज फार मोठा होता. बाल्कन युद्धात शहर ग्रीसकडे आलं. पुढे दोनच वर्षांनी, २५ मार्च १९१४ ला, म्हणजे ग्रीकांच्या राष्ट्रीय सणाच्या दिवशी, काही तरुण मित्रांनी हा क्लब काढला. नाव ठेवलं युद्धदेवतेचं, कारण युद्धं नुकतीच होऊन गेली होती. शिवाय गावात आधीपासून इराक्लिस नावाचा क्लब होता. इराक्लिस म्हणजे हर्क्युलिस, आणि पुराणात आरिसचं आणि त्याचं वैर. पोरं कुठलीही असोत, नाव ठेवताना समोरच्याला टोचेल असंच शोधतात.

तीन वर्षांत, ऑगस्ट १९१७ मध्ये, शहराला आग लागली. जुन्या शहराचा मोठा भाग जळाला आणि सत्तर हजारांच्या आसपास माणसं बेघर झाली. १९२२-२३ मध्ये आशिया मायनरमधून निर्वासितांचे लोंढे आले आणि शहरातले मुसलमान तुर्कस्तानात पाठवले गेले. एका पिढीच्या आत गावातली माणसं, रस्ते, दुकानांवरच्या पाट्यांची भाषा सगळं बदललं. असल्या शहरात कुणीतरी दर रविवारी मैदान आखत होतं, जाळी बांधत होतं, हेच मला मोठं वाटतं.

आता १९२८ ची गोष्ट. ग्रीक फुटबॉल महासंघ स्थापन झाला १९२६ साली, अथेन्स, पिराएस आणि थेसालोनिकी इथल्या तीन स्थानिक संघटनांनी मिळून. त्याआधीही अजिंक्यपदाच्या नावाने स्पर्धा व्हायच्या, पण त्या मुख्यतः अथेन्स-पिराएसपुरत्या. उत्तरेकडचा संघ त्यात नसेल तर राष्ट्रीय कशाला म्हणायचं? शिवाय अथेन्स ते थेसालोनिकी अंतर सुमारे पाचशे किलोमीटर, आणि ही दोन शहरं रेल्वेने जोडली गेली तीच मुळी १९१६ मध्ये. रूळ नसते तर हे अजिंक्यपदही झालं नसतं.

महासंघाने पहिली स्पर्धा ठेवली आणि नेमकं त्याच वर्षी भांडण झालं. ऑलिम्पियाकोस, पानाथिनाइकोस आणि एईके हे तिन्ही मातब्बर क्लब महासंघातून बाहेर पडले. त्यांनी आपली युती केली आणि आपसात, बाहेरच्या संघांशी, स्वतःचे सामने खेळू लागले. ख्रिसमस चषक, ईस्टर चषक वगैरे. गर्दी त्यांच्याकडे होती, म्हणजे तिकिटाचे पैसेही त्यांच्याकडेच. इकडे अजिंक्यपदासाठी उरले तीन शहरांचे तीन विजेते. अथेन्सचा आत्रोमितोस, पिराएसचा एथनिकोस आणि थेसालोनिकीचा आरिस. आरिस जिंकला. देशाचा पहिला अधिकृत विजेता.

आमच्या कामात वाद सुरू झाला तो इथे. माझ्या एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की या ओळीपुढे तारांकित खूण हवी. तीनच संघ, तिन्ही मोठे क्लब गैरहजर, याला अजिंक्यपद म्हणायचं आणि पुढच्या लांबलचक लीगच्या मांडीला मांडी लावून बसवायचं, हे बरोबर नाही. मुद्दा बिनबुडाचा नव्हता. आकड्यांचं काम करणाऱ्याला असमान गोष्टी एका रकान्यात घातलेल्या खटकतातच.

पण मी खूण लावू दिली नाही. माझं म्हणणं साधं होतं. स्पर्धा जाहीर झाली होती, नियम ठरले होते, दार उघडं होतं. जे बाहेर राहिले ते आपल्या मर्जीने आणि आपल्या हिशोबाने राहिले. त्यांच्या न येण्याची खूण आलेल्यांच्या नावापुढे का लावायची? लावायचीच तर ती गैरहजर क्लबांच्या पानावर लावा. १९२७-२८, भाग घेतला नाही. शेवटी तसंच केलं. महासंघ ज्याला विजेता मानतो ते नाव विजेत्याच्या रकान्यात, आणि बाकीची हकीकत टिपेच्या वेगळ्या रकान्यात. सॉफ्टवेअरमध्ये रकाना वाढवणं सोपं असतं, माणसांना पटवणं कठीण.

आता पान क्रमांकाचं सांगते. आपल्या स्मरणिकेत शाळेच्या क्रीडा-विजयांची यादी छापायची आहे, आणि त्यात मुलींच्या खो-खोचं एक वर्ष आहे. आपल्याच वेळचं. त्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेला दोन तगड्या शाळा आल्याच नाहीत, तारखांवरून काहीतरी बिनसलं होतं. आपल्या मुली जिंकल्या आणि ढाल घेऊन आल्या. परवा समितीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "ते धरायचं का? समोर होतं कोण?" त्या संघातल्या दोघीजणी आज इथे समोर बसल्या आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी सहाला मैदानावर येऊन त्यांनी गुडघे सोलून घेतलेत, ते मी पाहिलेलं आहे. समितीला माझी विनंती आहे की यादीत ते वर्ष बिनखुणेचं छापावं. न आलेल्या शाळांनी आपापल्या स्मरणिकेत काय छापायचं ते त्यांचं त्यांनी बघावं.

टाळ्या नंतर वाजवा, गोष्ट अजून अर्धीच झाली आहे.

मोठे क्लब पुढे परत आले. १९२९-३० चं अजिंक्यपद पानाथिनाइकोसने एकही सामना न हरता जिंकलं, ऑलिम्पियाकोसला ८-२ असं लोळवून. ग्रीसमध्ये तो आकडा अजूनही लोकांना तोंडपाठ आहे. १९३१ मध्ये ऑलिम्पियाकोस. मग १९३१-३२ मध्ये, आता साखळी पद्धतीच्या स्पर्धेत, पुन्हा आरिस. म्हणजे पहिलं पद रस्त्यात सापडलेलं नव्हतं. त्याच हंगामात चषक स्पर्धाही सुरू झाली. तिच्या पहिल्याच अंतिम सामन्यात आरिस एईकेकडून ५-३ हरला. दोघांचे रंग पिवळा आणि काळा, दोघांनीही ते बायझंटाईन परंपरेतून घेतलेले. त्यामुळे त्या दिवशी कुणी कुठला शर्ट घातला असेल हा प्रश्न मला उगाच पडतो. पुढे १९३३ आणि १९४० चे चषकाचे अंतिम सामनेही आरिस हरला. तक्त्यात उपविजेत्याचा रकाना असतो, पण तो कुणी उघडून बघत नाही.

२८ ऑक्टोबर १९४० ला इटलीने ग्रीसवर हल्ला केला आणि हंगाम तिथेच थांबला. एप्रिल १९४१ मध्ये जर्मन सैन्य थेसालोनिकीत शिरलं. तक्त्यात या पाच ओळी भरताना संगणकाला काहीतरी द्यावं लागतं. रिकामं सोडलं तर तो समजतो की माहिती मिळाली नाही. 'खेळवली गेली नाही' असा वेगळा शेरा लागतो. तो टाइप करायला काही सेकंद पुरतात. त्या पाच ओळींच्या काळात, मार्च ते ऑगस्ट १९४३ मध्ये, थेसालोनिकीतल्या ४५ हजारांहून अधिक ज्यूंना मालगाड्यांच्या डब्यांत कोंबून नेलं गेलं, बहुतेकांना ऑशविट्झला. त्यातले फारच थोडे परतले. शहराचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. मैदानं, संघ, प्रेक्षक यांत तीही माणसं होती. त्यांचा स्वतःचा मक्काबी नावाचा क्लब होता. आमच्या तक्त्यात यासाठी टिपेचाही रकाना नाही आणि असावा असंही मी म्हणणार नाही. तो तक्ता फुटबॉलचा आहे. पण तो शेरा टाइप करताना माझा हात दर वेळी जरा थांबतो.

युद्धानंतरची पहिली स्पर्धा झाली १९४५-४६ मध्ये. देश उपासमारीतून गेला होता आणि यादवी युद्ध उंबरठ्यावर होतं. आरिस तिसऱ्यांदा जिंकला. क्लेआंथिस विकेलिदिस हा त्या काळातला त्यांचा मोठा खेळाडू. खारिलाऊ भागातलं आरिसचं मैदान आज त्याच्या नावाने ओळखलं जातं.

त्यानंतर अजिंक्यपद नाही. आजपर्यंत नाही.

यावर हसण्याआधी आपल्याकडचा तक्ता आठवा. महाराष्ट्राच्या संघाने रणजी करंडक १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा जिंकला, प्रा. दि. ब. देवधर कर्णधार असताना. त्यानंतर नाही. २०१३-१४ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोचलो आणि कर्नाटककडून हरलो. मुंबईचा आणि विदर्भाचा करंडक आपला धरायचा का, हे पुण्याच्या मंडळींनी जेवताना ठरवावं. पण देवधरांचे ते दोन हंगाम कुणी जुने झाले म्हणून पुसले आहेत का? युरोप पेटलेला असताना रणजी मात्र चालू राहिली. ती पहिल्यांदा रद्द झाली २०२०-२१ मध्ये, करोनामुळे. त्या ओळीतही मीच शेरा टाकला, 'खेळवली गेली नाही'.

आरिस एकदा फार जवळ आला होता. १९७९-८० च्या हंगामाच्या शेवटी आरिस आणि ऑलिम्पियाकोस यांचे गुण समान झाले. व्होलोस शहरात निर्णायक सामना झाला, ऑलिम्पियाकोस २-० जिंकला. त्या वेळी ज्यांचं वय दहा होतं ते आज पन्नाशीच्या पुढे आहेत आणि तो सामना अजून त्यांच्याशी काढायचा नसतो. थेसालोनिकीतला एक जण आमच्या कामात होता. मी एकदा सहज व्होलोसचा विषय काढला, तर त्याने उत्तर न देता चहा आणायला जायचं ठरवलं. दरम्यान गावातलाच प्रतिस्पर्धी पाओक १९७६, १९८५, २०१९ आणि २०२४ अशी चार अजिंक्यपदं घेऊन पुढे गेला. १९७६ पर्यंत मात्र थेसालोनिकीकडे जी काही राष्ट्रीय पदं होती ती तिन्ही आरिसची.

२०१४ मध्ये पैशाच्या अडचणींमुळे आरिस थेट तिसऱ्या श्रेणीत गेला. छोट्या गावांच्या मैदानांवर खेळायची वेळ आली, आणि पिवळे-काळे पंचे घेतलेले लोक तिथेही गेले. २०१८ मध्ये संघ पहिल्या श्रेणीत परतला. या हंगामांच्या ओळी वेगळ्या तक्त्यात येतात, श्रेणी तीन आणि श्रेणी दोन, आणि त्याही मी भरल्या आहेत, बिनखुणेच्या.

एवढंच. सर, वेळ थोडी जास्त घेतली. समिती-सदस्यांनी जेवणाआधी मला त्या खो-खोच्या वर्षाचं काय ते सांगावं, छपाईला फाइल उद्या जायची आहे.