आफ्रिकेच्या अरण्यात कोणती लेन्स न्यावी?



हा दुकानातला विषय व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. पण हल्ली आपल्या गावातूनही केनिया-टांझानियाकडे जाणारी मंडळी निघू लागली आहेत, आणि निघण्यापूर्वी जो तो आम्हांला विचारतो, "लेन्स कोणती घ्यावी?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही दोनदा चुकलो आणि तिसऱ्या खेपेस थोडेफार शिकलो. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम थोडे गणित. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यातील संवेदक ३६ मिलिमीटर रुंद असतो. समोर ४० मीटरांवर सिंह बसला आहे असे समजा. ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये तेथील सुमारे २९ मीटर रुंदीचा पट्टा मावतो. सिंह त्यात गवतातल्या खड्यासारखा दिसतो. २०० च्या लेन्समध्ये ७ मीटर मावतात, आणि ४०० च्या लेन्समध्ये साडेतीन. तेथे सिंह चौकट भरून बसतो. म्हणजे लेन्सचा आकडा दुप्पट झाला की चौकटीत मावणारी रुंदी निम्मी होते. एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

हे गणित अर्धवट शिकून आम्ही पहिल्या खेपेस अंबोसेलीला गेलो. भाड्याने ६०० मिलिमीटरची अवजड लेन्स घेतली होती. दुसरी काही घेतलीच नव्हती. एके सकाळी किलिमांजारोवरचे ढग उतरले आणि हत्तींचा कळप धूळ उडवीत थेट आमच्या गाडीकडे आला. आम्हांला मिळाले ते एका हत्तीचे कानशील! शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींनी मात्र साध्या मोबाईलवर कळप, मैदान आणि बर्फाचा डोंगर एकत्र टिपला. तोच फोटो आज आमच्या दिवाणखान्यात आहे.

दुसऱ्या खेपेस आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. मसाई मारात नेताना २०० च्या पुढची लेन्सच घेतली नाही. तिसऱ्या दिवशी एका वारुळावर चित्त्याची मादी दिसली. भारतातून १९५२ साली नामशेष म्हणून जाहीर झालेला हा प्राणी समोर पाहून आमचा धीर सुटला. अंतर ८० मीटरांचे, लेन्स अपुरी. आम्ही चालकाला म्हणालो, "जरा पुढे घ्या." तो नको म्हणत होता, आम्ही पुन्हा म्हणालो. गाडी हलली, पलीकडे चरणाऱ्या हरिणाने मान वर केली आणि ते पळाले. मादी खाली बसली. वारुळामागून दोन पिल्ले बाहेर आली. चालक एवढेच म्हणाला, "साहेब, तिने सकाळपासून त्याच्यावर नजर ठेवली होती."

मसाई मारातील चित्त्यांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागात मादीची सरासरी दोनांहून अधिक पिल्ले मोठी होत. फार वर्दळीच्या भागात ही सरासरी एकावरही जात नव्हती. तो वाचला तेव्हा आम्हांला ते वारूळ आठवले.

म्हणून आमचा सल्ला असा. एका कॅमेऱ्यावर १०० ते ४०० किंवा १५० ते ६०० अशी बदलत्या पल्ल्याची लेन्स ठेवावी. दुसऱ्यावर, किंवा मोबाईलवर, जवळची विस्तृत दृश्ये घ्यावीत. गाडीत लेन्स बदलू नये. तेथील धूळ संवेदकावर बसली म्हणजे प्रत्येक आकाशात डाग दिसतात. छोट्या विमानाने मारात जाणार असाल, तर सामानाची मर्यादा बहुधा माणशी १५ किलोच असते, हेही लक्षात असू द्यावे.

अधिक प्रकाश घेणारी लेन्स महाग आणि जड असते. २.८ छिद्राची लेन्स ५.६ च्या चौपट प्रकाश आत घेते, हे खरे. विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश थोडाच वेळ टिकतो, तेव्हा तिचा उपयोग होतो. परंतु आजचे कॅमेरे मंद प्रकाशातही बरेच निभावतात, म्हणून केवळ त्यासाठी कर्ज काढू नये. उलट दुपारी जमीन तापली की हवा थरथरते आणि लांबचे चित्र कितीही किमती लेन्सने विरघळल्यासारखे येते. तेव्हा कॅमेरा मिटून नुसते पाहावे.

तिकाटणे गाडीत उभे राहत नाही. कापडी पिशवी रिकामी न्यावी, तेथे तांदूळ भरून खिडकीवर ठेवावी, तिच्यावर लेन्स टेकवावी आणि गाडीचे इंजिन बंद करावयास सांगावे. लेन्स विकत न घेता भाड्याने आणली तरी चालेल. मात्र आठवडाभर आधी आणून अंगणातल्या कावळ्यांवर हात बसवावा.

लांब लेन्स प्राण्याला जवळ आणते ती एवढ्याचसाठी, की आपल्याला जवळ जावे लागू नये. तिसऱ्या खेपेस आमच्याकडे ४०० ची लेन्स होती. पुन्हा एक चित्ता दिसला, पुन्हा अंतर होतेच. चालकाने आमच्याकडे वळून पाहिले. आम्ही म्हणालो, "येथेच थांबा." फोटोत चित्ता लहान आला आहे, पण त्याच्या तोंडात शिकार आहे.