ऋतू, भाकर आणि चित्र : ग्रँडमा मोझेस यांची कला



चित्रकाराचे चरित्र सांगताना त्याचे गुरू, त्याची कलाशाळा आणि त्याचे प्रवास यांपासून आरंभ करण्याची प्रथा आहे. ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस यांच्या बाबतीत ही प्रथा उपयोगी पडत नाही. त्यांना गुरू नव्हता, कलाशाळेचे दार त्यांनी पाहिले नव्हते आणि नियमितपणे रंगकुंचला हाती घेतला तेव्हा त्यांनी वयाची पंचाहत्तरी ओलांडली होती. त्यांचे शिक्षण झाले ते चुलीपाशी, गोठ्यात आणि शेतात. म्हणून त्यांच्या कलेची चर्चाही तेथूनच सुरू करणे योग्य ठरेल.

त्यांचा जन्म 7 सप्टेंबर 1860 रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात, ग्रीनिच येथे झाला. दहा भावंडांच्या त्या कुटुंबात वडील शेती करीत व जवसाच्या झाडापासून धागा काढण्याची गिरणी चालवीत. त्यांना चित्रांची आवड होती आणि मुलांना ते कागद आणून देत. रंग नसत तेव्हा लहानगी ॲना द्राक्षांचा व रानफळांचा रस वापरीत असे. परंतु हे बालपण अल्पकाळ टिकले. वयाच्या बाराव्या वर्षी ती परक्या घरी कामाला राहिली. पुढची सुमारे पंधरा वर्षे दुसऱ्यांची भाकर भाजण्यात, कपडे धुण्यात आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करण्यात गेली.

1887 मध्ये टॉमस सॅमन मोझेस या शेतमजुराशी त्यांचा विवाह झाला आणि हे दांपत्य दक्षिणेकडे, व्हर्जिनिया राज्यातील शेनँडोआ खोऱ्यात शेती करू लागले. संसाराला हातभार म्हणून ॲना यांनी गाय घेतली आणि लोणी काढून विकले. पुढे बटाट्याचे काप तळून विकण्याचा उद्योगही केला. त्यांना दहा अपत्ये झाली. त्यांपैकी पाच जगली. 1905 मध्ये हे कुटुंब उत्तरेस न्यूयॉर्क राज्यातील ईगल ब्रिज येथे परतले, तेव्हा पाच चिमुकली थडगी त्या खोऱ्यातच मागे राहिली. 1927 मध्ये पतीचेही निधन झाले.

त्यांच्या चित्रकलेचे पहिले लक्षणीय उदाहरण घरकामातूनच निर्माण झाले. 1918 मध्ये बैठकीच्या खोलीच्या भिंतींना कागद चिकटवीत असताना कागद अपुरा पडला. तेव्हा उन्हाळ्यात शेकोटीचे तोंड झाकणाऱ्या फळीवर त्यांनी एक निसर्गदृश्य रंगविले. पुढे 1930 नंतर त्या लोकरीच्या धाग्यांनी चित्रे भरू लागल्या. संधिवातामुळे सुई धरणे कठीण झाले, तेव्हा त्यांच्या बहिणीने सुचविले की, भरतकामाऐवजी रंगकाम करावे. नाताळात टपालवाल्याला भेट देण्यासाठी आपण चित्र काढले, कारण तापलेल्या चुलीपुढे उभे राहून केक भाजण्यापेक्षा ते सोपे होते, असेही त्यांनी पत्रकारांना सांगितले होते. या उत्तरात विनोद आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, केक आणि चित्र या दोन्ही वस्तू त्यांच्या दृष्टीने एकाच जातीच्या होत्या. दोन्ही हातांनी करावयाच्या आणि कोणाला तरी द्यावयाच्या.

त्यांची कार्यपद्धतीही गृहिणीचीच होती. दाबलेल्या लाकडी भुशाच्या तक्त्याला त्या प्रथम जवसाचे तेल लावीत, मग पांढऱ्या रंगाचे तीन हात देत. चित्र वरून खाली उतरत असे : आधी आकाश, मग डोंगर, मग जमीन, झाडे, घरे आणि शेवटी गुरे व माणसे. एका वेळी तीन-चार तक्ते हाती घेऊन त्या सर्वांची आकाशे एकदमच रंगवीत. त्यामुळे रंग वाया जात नसे. तापलेल्या भट्टीत एकच पाव कोण भाजील? चार भाजून घेणे हाच शहाणपणा, हे त्यांना अनेक वर्षांच्या सवयीने ठाऊक होते.

या चित्रांचा विषय कोणता? वर्षाचे चक्र आणि त्या चक्राला बांधलेली कामे. हिवाळा सरत आला, रात्री गोठविणारी थंडी आणि दिवसा ऊब पडू लागली, की मेपल वृक्षांना खाचा पाडून रस काढावयाचा आणि उसाच्या रसाची काकवी करावी तसा तो आटवावयाचा. साधारण चाळीस भाग रसातून एक भाग पाक मिळतो. ‘शुगरिंग ऑफ’ या 1943 मधील चित्रात बर्फाने झाकलेल्या रानात हे काम चालले आहे. आई गरम पाक बर्फावर ओतते आणि मुले तो थिजण्याची वाट पाहतात. 1947 मधील ‘ॲपल बटर मेकिंग’ या चित्रात व्हर्जिनियातील त्यांचे जुने घर आहे आणि अंगणात सफरचंदाचा गर मोठ्या कढईत आटत आहे. या पदार्थाच्या नावात लोणी असले तरी त्यात लोण्याचा अंश नसतो. कित्येक तास ढवळीत राहणे हेच त्याचे रहस्य होय. नोव्हेंबरातील कृतज्ञतेच्या सणासाठी टर्की पकडण्याची धांदल, गोधड्या शिवण्यासाठी जमलेल्या शेजारणी आणि मागे मांडलेले भोजनाचे लांब मेज, हेही त्यांचे आवडते विषय. अशा दृश्यांत काम आणि सण वेगळे काढता येत नाहीत.

प्रसिद्धी आली ती योगायोगाने. हूसिक फॉल्स या गावातील औषधांच्या दुकानाच्या काचेआड ठेवलेली त्यांची चित्रे 1938 मध्ये लुई कॅल्डॉर या संग्राहकाच्या दृष्टीस पडली. किंमत तीन ते पाच डॉलर होती. त्याने ती सर्व घेतली आणि तो थेट घरी पोचला. सुनेने त्याला दहा चित्रे आहेत असे सांगून ठेवले होते. शोधल्यावर नऊच निघाली. तेव्हा आजींनी एक मोठे चित्र करवतीने मधोमध कापले आणि दहाचा हिशेब पुरा केला. दिलेला शब्द आणि कणकेचा गोळा, दोन्ही पुरवून वापरावयाचे, हा धडा त्यांना अपरिचित नव्हता.

ऑक्टोबर 1940 मध्ये ऑटो कॅलिर यांच्या न्यूयॉर्कमधील चित्रदालनात त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. त्यानंतर एका मोठ्या दुकानात सणानिमित्त चित्रे मांडण्यात आली आणि आजींना भाषणासाठी बोलाविले गेले. लोक कलेविषयी ऐकावयास जमले होते. त्या आपल्या मुरंब्यांविषयी बोलल्या आणि शेवटी हातपिशवी उघडून काही नमुने दाखविले. गावच्या जत्रेतही असेच घडले होते : फळांना व मुरंब्याला पारितोषिक मिळाले होते, चित्रांना नव्हते. पुढे तराजू उलटला. ‘शुगरिंग ऑफ’ 2006 मध्ये दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकले गेले.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. बाराव्या वर्षी चाकरीला गेलेली मुलगी, गमावलेली पाच अपत्ये, हे त्यांच्या चित्रांत कोठे आहे? शुभेच्छापत्रांवर छापली गेलेली ही गोड, स्वच्छ खेडी म्हणजे आठवणींची फसवणूक नव्हे काय? तारेचे खांब आणि ट्रॅक्टर त्यांनी जाणूनबुजून वगळले, हेही खरे. परंतु संकट त्यांना अपरिचित नव्हते आणि ते त्यांच्या चित्रांत नाही असेही नाही. ट्रॉय शहरातील 1862 च्या आगीचे चित्र त्यांनी काढले. 1948 मधील ‘द थंडरस्टॉर्म’ या चित्रात आकाश काळवंडले आहे, घोडा उधळला आहे. पण माणसे कापलेले गवत भिजण्यापूर्वी गाडीत भरीत आहेत. दुःखाला या स्त्रीने दिलेले उत्तर हेच आहे. शोक करीत बसण्यास शेतकऱ्याच्या घरात सवड नसे. मेपलचा रस थांबत नसे, भिजविलेले पीठ फुगून वर येतच असे. ऋतूचे पुढचे काम हाती घेणे हीच तेथे जगण्याची रीत होती. त्यांनी भूतकाळातून वेचून ठेवली ती माणसांना एकत्र धरून ठेवणारी कामे. ज्याप्रमाणे गृहिणी फळांतील नासका भाग काढून उरलेले हिवाळ्यासाठी बरणीत भरते. तो नासका भाग तिच्या नजरेतून सुटलेला नसतो.

सुमारे पंचवीस वर्षांत त्यांनी दीड हजारांहून अधिक चित्रे काढली. 13 डिसेंबर 1961 रोजी, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी रंगविलेले ‘रेनबो’ हे त्यांचे अखेरचे पूर्ण चित्र मानले जाते. त्यात आकाशात इंद्रधनुष्य उमटले आहे. खाली शेतातील माणसे मात्र मान वर न करता आपापल्या कामात गढलेली आहेत.